दुर्बिणीचा आरसा आणि गांवांतले गुरु

दुर्बीण बाजारांत तयार मिळते, मग ती घरीं करावयाची कशासाठीं, असा प्रश्न पालकांकडून आम्हांस वारंवार येतो. विद्यार्थ्यांचा प्रश्न निराळा असतो. आरसा कसा घांसावा हें पुस्तकांत आहे, चित्रफितींतही आहे; परंतु मध्येंच अडलें तर विचारावें कोणास, असें ते म्हणतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याकडे आम्ही शेवटीं वळूं. दुसरा अधिक निकडीचा वाटल्यावरून प्रस्तुत लेख मुख्यत्वें त्याच्यासाठींच लिहिला आहे.

दुर्बिणी दोन जातींच्या असतात. एकींत पुढच्या तोंडाशीं भिंग असतें व प्रकाश त्यांतून आरपार जातो. दुसरींत नळीच्या तळाशीं अंतर्गोल आरसा बसविलेला असतो. तो ताऱ्याचा प्रकाश गोळा करून परत फेंकतो, आणि वाटेंत तिरपा ठेविलेला एक लहानसा सपाट आरसा तो प्रकाश बाजूच्या नेत्रभिंगाकडे वळवितो. ही दुसरी रचना न्यूटननें १६६८ सालीं प्रत्यक्षांत आणली. चांगल्या भिंगास दोन कांचा, म्हणजे चार पृष्ठभाग घांसावे लागतात, व कांच आंतूनही निर्दोष लागते. आरशाचा घांसावयाचा पृष्ठभाग एकच, आणि प्रकाश कांचेंत शिरतच नाहीं. म्हणून हौशी माणसानें हातीं घ्यावयाचें तें आरशाचेंच काम.

आमच्या विज्ञानमंडळांतील दोन मुलगे व दोन मुली यांनीं गेल्या वर्षीं सहा इंच व्यासाचा आरसा करावयास घेतला. त्याचें नाभ्यंतर, म्हणजे आरशापासून ताऱ्याची प्रतिमा जेथें पडते तेथपर्यंतचें अंतर, ४८ इंच. अशा आरशाची मध्यभागींची खोली किती असेल असें वर्गांत विचारलें म्हणजे मुलें हाताची ओंजळ करून दाखवितात. वस्तुतः ती सुमारें १.२ मिलिमीटर असते. चारपांच पोस्टकार्डें एकावर एक ठेविलीं कीं तेवढी जाडी भरते.

ही खोली येते कशी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. सारख्या आकाराच्या दोन जाड कांचेच्या चकत्या घ्यावयाच्या. त्यांपैकीं एक पिंपाच्या माथ्यावर पक्की बसवावयाची, तिच्यावर कार्बोरंडमची भुकटी व थोडें पाणी टाकावयाचें, आणि दुसरी चकती हातांत धरून तिच्यावर पुढें-मागें घांसावयाची. वरची चकती पुढें सरकली म्हणजे तिचा मध्यभाग खालचीच्या कडेवर येतो व तेथें दाब वाढतो. त्यामुळें वरची मध्यें झिजते, खालची कडेस झिजते. घांसणारा थोड्या थोड्या वेळानें पिंपाभोंवतीं एक पाऊल सरकतो व हातांतील चकतीही जराशी फिरवितो. दोन पृष्ठभाग कोणत्याही दिशेस सरकविले, कसेही फिरविले, तरी एकमेकांस सर्वत्र लागून राहतील असा आकार सपाटीखेरीज एकच. तो म्हणजे गोलाचा तुकडा. तेव्हां येथें हस्तकौशल्याचें फारसें कारण पडत नाहीं. चिकाटी असली कीं कांच आपणच गोलाकार होते. पुढें ८० क्रमांकाच्या भरड भुकटीपासून १२०, २२०, ३२० अशा पायऱ्या उतरत पिठासारख्या बारीक भुकटीपर्यंत यावयाचें. येथपर्यंत पुस्तक पुरतें. येथून पुढें पुरत नाहीं.

ही तक्रार आजची नव्हे. विल्यम हर्शेल हा मूळचा हानोव्हरचा वादक. इंग्लंडांत बाथ शहरीं तो एका चॅपेलांत ऑर्गन वाजवी व संगीताच्या शिकवण्या करून निर्वाह करी. १७७३ सालीं त्यास दुर्बिणीचा नाद लागला. रॉबर्ट स्मिथ याचा प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ त्यानें मिळवून वाचला; परंतु केवळ ग्रंथावर तो विसंबून राहिला नाहीं. बाथमध्येंच क्वेकर पंथाचा एक गृहस्थ राहत असे. त्यानें पूर्वीं आरसे घांसण्याची खटपट करून ती सोडून दिली होती. हर्शेलनें त्याचीं हत्यारें, अर्धवट आरसे, सगळें सामान विकत घेतलें, व त्या व्यवहारांतच एक अट घातली कीं, घांसण्याची आपली रीत त्यानें प्रत्यक्ष करून दाखवावी. गुरूचें ज्ञान बेताचें होतें, आणि थोड्याच दिवसांत तें संपलें. पण सुरुवात झाली. त्या काळचे आरसे कांचेचे नसून तांबें व कथील यांच्या मिश्रधातूचे असत. एकदां हर्शेल सोळा तास आरशावरून हात काढीना, तेव्हां त्याची बहीण कॅरोलाइन हिनें त्यास घांस भरविले. पुढें सहा इंचांहून किंचित् मोठ्या आरशाच्या दुर्बिणींतून त्यास १३ मार्च १७८१ रोजीं एक नवा ग्रह सांपडला. इंग्रजींत त्यास युरेनस म्हणतात. आपलीं मराठी पंचांगें त्यास हर्षल म्हणतात तें ह्याच गृहस्थावरून. आमच्या मुलांचा आरसा जवळजवळ तेवढाच आहे.

दुसरें उदाहरण अमेरिकेचें. व्हर्मांट संस्थानांत स्प्रिंगफील्ड नांवाचें यंत्रें बनविणाऱ्या कारखान्यांचें एक लहान गांव आहे. तेथील रसेल पोर्टर हा चित्रकार व उत्तरध्रुवाकडील सफरींत भाग घेतलेला मनुष्य. त्यास आरसे घांसण्याची विद्या येत होती. १९२० सालीं त्यानें गांवांतील कारखान्यांच्या कामगारांस जमवून हें काम शिकविलें. इंचाच्या सहस्रांशाशीं रोजचा परिचय असलेले ते कामगार. त्यांनीं विद्या झपाट्यानें उचलली, १९२३ सालीं मंडळ स्थापिलें, आणि पुढें टेकडीवर एक लहानसें घर बांधिलें. त्या घराच्या दर्शनी भागावर एकोणिसाव्या स्तोत्राचा आरंभ कोरलेला आहे. १९२५ च्या नोव्हेंबरांत एका प्रसिद्ध विज्ञान मासिकांत अल्बर्ट इंगल्स यानें ह्या मंडळाची हकीकत छापली, व पुढच्या वर्षीं आरसे करण्याचें पुस्तक निघालें. त्या पुस्तकांनीं जगभर हजारों हात कामास लाविले. परंतु आमच्या मतें हकीकतीचें मर्म पुस्तकांत नाहीं. ज्यास येतें तो एक मनुष्य आणि ज्यांचे हात तयार आहेत असे पंधराएक शेजारी एका गांवांत भेटले, हें तें मर्म होय.

आतां आमच्या गांवाकडे येऊं. मुलांचा पहिला गुरु म्हणजे चष्म्याच्या दुकानांतील एक वयोवृद्ध कारागीर. आजकाल चष्म्याचीं भिंगें तयार येतात व दुकानांत फक्त त्यांची कड बसविली जाते. परंतु ह्या गृहस्थांनीं तरुणपणीं लोखंडी वाट्यांवर हातानें भिंगें घांसलेलीं आहेत. त्यांनीं भुकटी कशी वापरावी हें फारसें सांगितलें नाहीं. एक भुकटी संपवून दुसरी घेण्यापूर्वीं काय करावें तेंच पुनःपुन्हां सांगितलें. पिंप धुवा, बादली धुवा, फडकीं बदला, अंगावरचें कापड बदला, नखें कापा. बारीक भुकटींत भरड भुकटीचा एक कण शिरला कीं आठवड्याचें काम वायां जातें, आणि तो कण बहुधा नखांतून येतो. इंग्रजी पुस्तकांतही ही सूचना आहे. परंतु मुलांनीं नखें कापलीं तीं काकांनीं हात पुढें करावयास लावून तपासलीं तेव्हां! चकतीची धार मोडून ती किंचित् तिरपी ठेवावी, नाहींतर कडेची कपची उडून मधोमध ओरखडा पडतो, हेंही त्यांनींच दाखविलें.

बारीक घांसणी संपली कीं झिलईची पाळी येते, आणि झिलई ही राळेवर होते. राळ व डांबर तापवून त्यांचा थर खालच्या चकतीवर ओततात, त्यांत चौकोनी खांचा पाडतात, आणि सीरियम ऑक्साइडचें पाण्यांत कालविलेलें चूर्ण लावून आरसा त्यावर फिरवितात. (राळ चटकन् पेट घेते, मुलांनीं ती एकट्यानें कधींही तापवूं नये, व तापवावयाची ती मंद आंचेवर.) राळ ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. हातोडी मारली तर कांचेसारखी फुटते. रात्रभर सोडली तर काकवीसारखी, पण अत्यंत सावकाश, वाहते. तिचा हाच गुण आपल्या उपयोगी पडतो, कारण ती आरशाच्या आकाराशीं आपला आकार जुळवून घेते. परंतु तिनें किती मऊ असावें? पुस्तकांतील प्रमाण थंड देशांतील खोलीचें, वीसएक अंशांचें. आमच्याकडे मे महिन्यांत दुपारीं खोलींतही पारा ३८ अंशांवर जातो. मुलांनीं पुस्तकांतील प्रमाण तंतोतंत पाळलें व भर उन्हाळ्यांत झिलई केली. आरसा चकाकूं लागला. तो बरोबर झाला आहे किंवा नाहीं, हें मात्र कोणास सांगतां येईना.

ह्याचें कारण समजावयास हवें. गोलाचा आरसा ताऱ्याचा सगळा प्रकाश नेमका एका बिंदूंत आणीत नाहीं. त्यासाठीं आरशास अन्वस्त नांवाचा किंचित् निराळा आकार द्यावा लागतो. सहा इंची आरशांत ह्या दोन आकारांमधील अंतर कडेपाशीं सुमारें ०.०००३ मिलिमीटर, म्हणजे केंसाच्या जाडीचा दोनशेंवा भाग भरतें. तें बोटास कळत नाहीं व साध्या मापयंत्रासही कळत नाहीं. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यानें १८५८ सालीं तें पाहण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि ती इतकी स्वस्त आहे कीं आमच्या प्रयोगशाळेंत ती खोक्याच्या पुठ्ठ्यावर उभी राहिली. आरशासमोर आठ फुटांवर एका बारीक छिद्राआड दिवा ठेवावयाचा. छिद्रांतून निघालेला प्रकाश आरशावरून परतून छिद्राच्या शेजारींच एका बिंदूंत गोळा होतो. त्या बिंदूमागें डोळा नेला म्हणजे सबंध आरसा पौर्णिमेच्या चंद्राप्रमाणें उजळलेला दिसतो. मग दाढीच्या पात्याची धार हळूहळू त्या बिंदूंत आडवी सरकवावयाची. आरसा शुद्ध गोलाचा असेल तर तो सर्वत्र एकदम करडा होऊन विझतो. कोठें उंचवटा अगर खळगा असेल तर तेथें एका अंगास उजेड व दुसऱ्या अंगास सावली पडते, आणि दशसहस्रांश मिलिमीटराचा दोष चंद्रावरील डोंगरासारखा ठळक उठून दिसतो. अन्वस्त आरशांत मध्यभागाचा प्रकाश एके ठिकाणीं व कडेचा किंचित् मागें गोळा होतो. दिवा जागचा न हलवितां पातें सुमारें २.४ मिलिमीटर मागें घ्यावें लागलें, म्हणजे सहा इंची आरसा साधला. ह्या परीक्षेंत आरशावर मिनिटभर बोट टेंकवून काढलें तर बोटाच्या उबेनें फुगलेली कांच टेकडीसारखी दिसते व थोड्या वेळानें मावळते. हा प्रयोग पाहावयास एके दिवशीं आमच्या शाळेचे शिपाई, कारकून व संस्कृताचे शिक्षक असे सर्वच येऊन गेले.

युक्ति स्वस्त आहे. सावली वाचणें मात्र स्वस्त नाहीं. तोच ठिपका एका मुलास उंचवटा वाटे व दुसऱ्यास खळगा. दोघेही पुस्तकांतील आकृतीकडे बोट दाखवीत. आठ दिवस वाद चालला. चष्मेवाल्या काकांस विचारलें तर त्यांनीं प्रांजळपणें सांगितलें कीं, चष्म्यास इतकी सूक्ष्मता लागत नाहीं, हें आपल्या विद्येच्या बाहेरचें आहे. येथें गांव संपलें.

अशा वेळीं कोणाकडे जावें? पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून आहे. आपल्या देशांतील हौशी ज्योतिर्विदांच्या अगदीं जुन्या संस्थांत तिची गणना होते. मुंबईस वरळीचें नेहरू तारांगण १९७७ सालीं सुरू झालें, आणि हॅलेचा धूमकेतू १९८५-८६ मध्यें आला त्या सुमारास खगोल मंडळ उदयास आलें. पुणें विद्यापीठाच्या आवारांतील आयुका ह्या संस्थेनें शिक्षकांसाठीं व हौशी लोकांसाठीं दुर्बिणी तयार करण्याच्या कार्यशाळा भरविल्या आहेत. अशा ठिकाणीं शिकून गेलेला एखादा शिक्षक आपल्याच तालुक्यांत असण्याचा संभव असतो. म्हणून पहिलें पत्र लिहितांना तेंच विचारावें. पत्र कसें लिहावें यासही महत्त्व आहे. 'आम्हांस दुर्बीण करावयाची आहे, माहिती पाठवा', अशा पत्रास काय उत्तर येणार? चकतीचा व्यास, नाभ्यंतर, कोणत्या भुकट्या किती वेळ वापरल्या, राळेचें प्रमाण, खोलीचें उष्णमान, आणि सावली कशी दिसते त्याचें चित्र, इतकें लिहिलें कीं जाणत्या माणसास दया येते व तो उत्तर देतो. हल्लीं भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यानें पात्यामागून सावलीचें छायाचित्रही घेतां येतें.

मुलांनीं असें पत्र धाडलें, व एका हौशी गृहस्थांनीं आरसा घेऊन पुण्यास या म्हणून कळविलें. त्यांनीं तो दोन मिनिटें पाहिला. मध्यभागाच्या ज्या ठिपक्यावरून आठ दिवस वाद झाला होता त्याकडे त्यांनीं लक्षही दिलें नाहीं. आरशाच्या कडेस पात्यामागून जी बारीक तेजोरेषा दिसते ती एका अंगास आहे व दुसऱ्या अंगास नाहीं, एवढेंच त्यांनीं मुलांस दाखविलें, आणि म्हणाले, "कड खालीं उतरली आहे. तुमची राळ मऊ होती. आरसा तिच्यांत रुतला आणि कड जास्त झिजली. मुलांनों, तुमच्या गांवांत सोनार असतीलच ना? मग मला काय विचारतां!"

पुस्तकानें जें सांगितलें नाहीं तें येथें एका वाक्यांत उलगडलें. सोनार नक्षी ठोकतांना दागिना राळेवर बसवितो. ती राळ विटांची भुकटी व तेल घालून केलेली असते, आणि तिचा कमीअधिक मऊपणा हा त्याच्या रोजच्या पोटाचा प्रश्न आहे. आमच्या सराफकट्ट्यावरील एका वृद्ध सोनारांकडे मुलें गेलीं. विटांची भुकटी आरशास चालणार नाहीं हें त्यांस समजावून सांगावें लागलें; बाकीचें त्यांनींच समजावून सांगितलें. "उन्हाळ्याची राळ निराळी, हिंवाळ्याची निराळी, बाळांनों. तेल तेंच, हात बदलतो." त्यांनीं कढत राळेचा थेंब पाण्यांत टाकला, गार झाल्यावर त्यावर अंगठ्याचें नख दाबलें, आणि खूण किती उमटते तें चौघांकडूनही करवून घेतलें. मुलांनीं डांबर कमी व राळ अधिक घालून नवा थर ओतला. हात आंखूड ठेवून, पहांटे पांच ते सात एवढाच वेळ, सहा आठवडे पुन्हां झिलई केली. प्रत्येक वेळीं परीक्षेपूर्वीं आरसा दोन-तीन तास निवत ठेवावा लागे. कडेची तेजोरेषा हळूहळू दोन्ही अंगांस दिसूं लागली.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे येऊं. चौघांपैकीं एका मुलीच्या मातोश्रींनीं आम्हांस स्पष्टच विचारलें, "सर, दहावीचें वर्ष आहे. पहांटेचा वेळ अभ्यासाचा. ह्या कांचेचे गुण मिळणार आहेत का?" आम्हीं सांगितलें कीं, एकही गुण मिळणार नाहीं, व पैसाही वांचणार नाहीं, एवढीच तयार दुर्बीण कदाचित् स्वस्त पडेल. त्यांस एवढीच विनंति केली कीं, एके संध्याकाळीं येऊन पाहावें. आरशावर अद्याप धातूचा मुलामा चढलेला नाहीं. ते काम निर्वात भांड्यांत अॅल्युमिनियमची वाफ करून करितात, व तें बाहेरगांवींच होतें. तथापि नुसती कांचही शंभरांत चार भाग प्रकाश परतविते, आणि चंद्रास तेवढा पुरतो. पुठ्ठ्याच्या नळींत आरसा बसवून मुलांनीं अष्टमीचा चंद्र दाखविला. मातोश्रींनीं डोळा लाविला तो बराच वेळ काढला नाहीं. मग मुलीस म्हणाल्या, "हे खड्डे तुमच्या कांचेतले नाहींत ना?" परीक्षकाचा प्रश्न होता! मुलीनें नळी किंचित् हलविली. चंद्र सरकला, त्याबरोबर खड्डेही सरकले. कांच जागच्या जागीं राहिली. दुसऱ्या दिवशीं पहांटे ती मुलगी नेहमींप्रमाणें आली, व पुस्तकही बरोबर घेऊन आली.

हे चौघे मार्चमध्यें शाळा सोडून जातील. आठवी-नववींतील सहाजणांनीं नवी चकती घेतली आहे, आणि थोरल्यांनीं त्यांस सावली वाचावयास शिकविण्याचें काम सुरू केलें आहे. फूकोच्या परीक्षेची पेटी प्रयोगशाळेंत ठेविलेली आहे. गांवांत किंवा आसपास कोणी आरसा घांसला असेल, पुरा अगर अर्धवट, त्यानें शनिवारीं सायंकाळीं तो घेऊन यावें; आपल्या पालकांपैकीं सोनार, चष्मेवाले, लेथवर काम करणारे असतील त्यांनीं रिकाम्या हातांनीं आलें तरी चालेल. आरसा आणतांना तो मऊ धुतलेल्या फडक्यांत गुंडाळावा, पृष्ठभागास बोट लावूं नये, आणि आल्याबरोबर परीक्षेची घाई करूं नये; दोन तास तरी तो खोलींत निवूं द्यावा लागतो.